पत्रकारितेच्या संकल्पना आणि मराठी वृत्तपत्रांचा इतिहास: दोन्ही एकत्र कसं शिकवाल?

मृण्मयी_अ (धागाकर्ती)

मी पदवीच्या वर्गाला जनसंवाद शिकवते. दोन पेपर आहेत. एकात संकल्पना: लासवेलचं सूत्र, लिपमन (जनमतावर लिहिणारे अमेरिकी पत्रकार), गेटकीपिंग, अजेंडा सेटिंग, मौनाचं आवर्तन. दुसऱ्यात मराठी पत्रकारितेचा इतिहास: दर्पण, प्रभाकर, ज्ञानप्रकाश, दीनबंधू, केसरी, सुधारक, मूकनायक. पहिल्या पेपरात एकही मराठी माणूस नाही आणि दुसऱ्यात एकही संकल्पना नाही.

मुलं हुशार आहेत. ६ जानेवारी १८३२ ही तारीख झोपेतून उठवलं तरी सांगतात. पण दर्पणच्या पानावर इंग्रजी आणि मराठी असे दोन रकाने शेजारी शेजारी का होते, बाळशास्त्री जांभेकर एकाच अंकातून कोणाकोणाशी बोलत होते, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. 'कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, काय परिणामाने' हे लासवेलचं सूत्र मात्र त्याच मुलांनी आदल्याच तासाला घडाघडा म्हणून दाखवलेलं असतं.

ही फाळणी चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. संकल्पना प्रसंगातून कळते. आणि संकल्पना हाताशी नसेल तर इतिहासाची सनावळी होते.

म्हणून इथल्या जाणकारांना विनंती. एक संकल्पना घ्या, ती समजवायला मराठी पत्रकारितेतला एक प्रसंग निवडा आणि जरा सविस्तर लिहा. पुढच्या सत्रापासून मी ते वर्गात वापरणार आहे.

अबोली

वाखू (वाचनखूण) साठवली. मी याच विषयाची विद्यार्थिनी आहे (तुमची नाही :)). अगदी हेच होतं आमचं.

रात्रपाळी

गेटकीपिंग, म्हणजे आलेल्यातली कोणती बातमी आत घ्यायची आणि कोणती गाळायची याची निवड, माझ्याकडे. बरीच वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर रात्री काढल्या आहेत.

या संकल्पनेचा मूळ अभ्यास डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा, १९५०चा. अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या दैनिकाच्या तारसंपादकाला (वृत्तसंस्थांकडून तारेने येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्याला) त्यांनी विनंती केली की आठवडाभर जी जी तार टाकून द्याल ती जपून ठेवा आणि का टाकली ते तिच्यावरच लिहा. आलेल्या मजकुराचा साधारण दहावा हिस्सा छापला गेला होता. कारणं वाचली तर काही ठिकाणी 'जागा नाही', काही ठिकाणी सरळसरळ त्या माणसाची आवडनिवड.

आता आमच्याकडचं ऐका. टेलिप्रिंटर रात्रभर खडखडत असायचा आणि कागदाची गुंडाळी जमिनीवर लोळत असायची. पट्टीने फाडून तुकडे करायचे, वाचायचे आणि नको ते खिळ्याला टोचायचे. तार इंग्रजीत. म्हणजे मराठी डेस्कवर प्रत्येक बातमीला निवडीच्या आधी आणखी एक चाळणी होती: हिचं भाषांतर पान सोडायच्या आत होईल का? नागालँडमधली गुंतागुंतीची बातमी चारशे शब्दांची असेल आणि हाताशी एकच उपसंपादक असेल तर ती जायची नाही. त्या जागी कुठला तरी सोपा अपघात जायचा. कोणाचाही कट नव्हता, द्वेष नव्हता. पण मराठी वाचकाच्या नकाशातून ईशान्य भारत असाच वर्षानुवर्षं गळत राहिला.

मुलांना 'गेटकीपर' म्हटलं की कोणीतरी दुष्ट माणूस दाराशी उभा दिसतो. त्यांना सांगा, दाराशी बहुतेक वेळा घड्याळ उभं असतं.

तळटीप

रात्रपाळी यांचा प्रतिसाद आवडला. एक भर घालतो. भाषांतराची ही चाळणी आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. दर्पणचे दोन रकाने हे त्याचंच रूप. जांभेकरांना एकीकडे राज्यकर्त्यांपर्यंत इथल्या लोकांचं म्हणणं न्यायचं होतं आणि दुसरीकडे मराठी वाचकाला पाश्चात्त्य विद्या व जगाच्या घडामोडी द्यायच्या होत्या. सुरुवातीला पाक्षिक असलेलं दर्पण ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झालं आणि १८४० मध्ये बंद पडलं. बंद पडलं हेही शिकवा. त्याच वर्षी जांभेकरांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं आणि त्यात प्रामुख्याने ज्ञानविज्ञान दिलं. १८४६ मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

प्रश्नचिन्ह

धाग्याचा हेतू चांगला आहे, पण मला मूलभूत शंका आहे. अजेंडा सेटिंगचा, म्हणजे लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे माध्यमांवरून ठरतं या मांडणीचा, अभ्यास मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिलमध्ये केला, १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. कोणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या शंभर मतदारांना विचारलं की तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, आणि तिथल्या माध्यमांनी कोणते प्रश्न लावून धरले होते त्याच्याशी उत्तरं ताडून पाहिली. म्हणजे मोजमाप आहे.

केसरीच्या काळात असलं काय मोजणार? १९०१च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम पाच टक्के. त्या समाजातल्या साप्ताहिकाला मास मीडिया म्हणायचं आणि वर अमेरिकी सिद्धांत चिकटवायचा, यातून मुलांना दोन्ही गोष्टी चुकीच्या कळतील.

गिरणगाव

@प्रश्नचिन्ह, मोजमाप नाही हे मान्य. पण अजेंडा म्हणजे काय हे कळायला शंभर मतदारच हवेत असं नाही.

दीनबंधू घ्या. १८७७ मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं सत्यशोधकांचं पत्र. १८८० पासून ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलं. तेव्हा गिरणी कामगार ही बातमी नव्हतीच. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची ठरावीक सुट्टी नाही, याला कोणी 'प्रश्न' म्हणत नव्हतं. लोखंडे ते सातत्याने दीनबंधूत मांडत राहिले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

माझे आजोबा-पणजोबा गिरणीत होते. रविवारी घरी असणं हे एका संपादकाने आधी छापून, मग रस्त्यावर उतरून मिळवलंय, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात केसरीला तीन तास आणि दीनबंधूला तीन ओळी मिळतात. हाही अजेंडाच आहे, अभ्यासक्रमाचा.

मृण्मयी_अ

@गिरणगाव, शेवटचं वाक्य वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवणार, परवानगी गृहीत धरते.

@प्रश्नचिन्ह, शंका योग्य आहे. पण पाच टक्के साक्षर म्हणजे पाच टक्केच वाचक, हे मला पटत नाही. चावडीवर, दुकानात, देवळाच्या ओट्यावर एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. लाझार्सफेल्ड यांनी १९४०च्या निवडणुकीत ओहायोच्या ईरी काउंटीत अभ्यास केला आणि माहिती माध्यमाकडून आधी काही मोजक्या जाणत्यांकडे आणि तिथून इतरांकडे जाते असं मांडलं. तो 'दोन पायऱ्यांचा प्रवाह' आपल्याकडे अक्षरशः घडत होता. वाचून दाखवणारा मध्येच थांबून अर्थ सांगे, आपलं मतही घाली.

तळटीप

मोजमापाबद्दल एक गोष्ट. त्या काळात देशी वृत्तपत्रं सर्वांत बारकाईने कोण वाचत होतं? सरकार. मुंबई इलाख्यात सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढत आणि तो गोपनीय अहवाल अधिकाऱ्यांकडे जाई. हे नेटिव्ह न्यूजपेपर्स रिपोर्ट आज अभिलेखागारांत पाहायला मिळतात. कोणत्या पत्राने कोणता प्रश्न किती आठवडे लावून धरला, हे त्यांतून चांगलं दिसतं. प्रश्नचिन्ह, शंभर मतदार नाहीत, पण आशयाची मोजणी करता येईल इतकी सामग्री आहे. त्यात भाषांतरकाराची निवड मिसळलेली आहे हे ध्यानात ठेवायचं, म्हणजे पुन्हा गेटकीपिंग आलंच.

प्रश्नचिन्ह

हे अहवाल वापरून काही करता आलं तर माझा आक्षेप निम्मा मागे. उरलेला निम्मा असा की गिरणगाव यांच्या उदाहरणात लोखंडे संपादकही आहेत आणि संघटकही. सुट्टी छापल्यामुळे मिळाली की सभा भरवल्यामुळे? सिद्धांत माध्यमाच्या परिणामाबद्दल बोलतो. इथे तो वेगळा काढताच येत नाही.

गिरणगाव

नाही काढता येत, आणि काढू नये असंच मला वाटतं. एकोणिसाव्या शतकातला मराठी संपादक घरात बसून नुसता लिहीत नव्हता.

काळाकोट

इतिहासाच्या पेपरात टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले 'देशभक्तीचे प्रसंग' म्हणून येतात. ते आहेतच. पण अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही संकल्पना शिकवायला याहून चांगली सामग्री सापडणार नाही.

१८९७च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. मुलांना इथे थांबवून विचारा: सरकारवर प्रेम नसणं हा गुन्हा असेल तर अग्रलेख लिहायचा कसा? टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून पुन्हा खटला. ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले.

पण तिथेच थांबू नका. स्वातंत्र्यानंतरचं पाहा. सरकारने १९६० मध्ये आदेश काढला की दैनिकाने किती पानं द्यायची हे त्याच्या किमतीवर ठरेल. हेतू छोट्या पत्रांना वाचवण्याचा असल्याचं सांगितलं गेलं. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. मुद्दा असा की पानं कमी करायला लावणं किंवा किंमत वाढवायला लावून खप घटवणं हादेखील बोलण्यावरच घाला आहे. कारण अभिव्यक्तीत मजकूर येतो तसा तो किती लोकांपर्यंत पोचतो हेही येतं. राजद्रोहात मजकुरावर हात टाकला होता, इथे कागदावर. मुलांना हे दोन खटले शेजारी ठेवून दाखवा, एका तासात संकल्पना बसेल.

आणीबाणीतला आणखी एक. 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकाचे संपादक मिनू मसानी. सेन्सॉरने त्यांचा मजकूर अडवला. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असताना, खंडपीठाने सेन्सॉरला त्याच्या अधिकाराच्या मर्यादा दाखवून दिल्या. सरकारवरची टीका सेन्सॉरला आवडत नाही एवढ्यावरून ती अडवता येणार नाही. मुंबईत हे घडलं आणि मुंबईतल्याच वर्गांत ते शिकवलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अबोली

सकाळ खटल्याचं नाव आम्हाला एका गुणाच्या प्रश्नात होतं. त्यात एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं.

साऊंडबॉक्स

अवांतर आहे, पण लिहितो. सगळे छापील माध्यमाबद्दलच बोलताय. २३ जुलै १९२७ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हापासून रेडिओ आपल्या घरात आहे.

माझी संकल्पना: माध्यमाची ताकद किती मानायची. १९३८ मध्ये ऑर्सन वेल्सने मंगळावरून आलेल्या आक्रमणाचं रेडिओ नाटक केलं आणि अमेरिकाभर लोक घाबरून रस्त्यावर धावले, हे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतं.

तळटीप

@साऊंडबॉक्स, ते उदाहरण जरा जपून. काही श्रोते घाबरले हे खरं, पण देशभर हाहाकार उडाला हे चित्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी फुगवलं होतं असं संशोधकांनी नंतर दाखवून दिलं आहे. त्या काळात रेडिओ वृत्तपत्रांच्या जाहिराती पळवत होता. रेडिओ बेजबाबदार आहे हे दाखवण्यात वृत्तपत्रांचा फायदा होता.

साऊंडबॉक्स

मग तर उदाहरण आणखी चांगलं झालं! रेडिओच्या ताकदीसाठी नको, वृत्तपत्रांच्या हितसंबंधासाठी शिकवा. :)

मूळ मुद्दा मात्र आपल्या रेडिओचा. इंग्रजांनी पुढे नभोवाणी सरकारच्या हातात घेतली, स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. तरीही खासगी एफएम केंद्राला आजही स्वतःचं बातमीपत्र काढता येत नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस्स. छपाईला घटनेचं संरक्षण, टीव्हीवर बातम्यांचा चोवीस तास गजर, आणि सर्वांत स्वस्त माध्यमावर गावातल्या पाणीटंचाईची स्वतः काढलेली बातमी सांगायला बंदी. कोणत्या माध्यमाला किती मोकळीक मिळते हे तंत्रज्ञानाने ठरत नाही, हे शिकवायला रेडिओ हवाच.

खिळेजुळारी

मी लेखक नाही. वडिलांचा छापखाना होता, तिथे लहानपणापासून खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवले. उलटा मनोरा म्हणजे इन्व्हर्टेड पिरॅमिड म्हणतात त्याबद्दल लिहितो, कारण तो मी हाताने केला आहे.

मराठी खिळ्यांची केस (खणांची पेटी) इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचा घर वेगळा. एक स्टिक (ओळी जुळवायची हातातली पट्टी) भरायला इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त वेळ. मजकूर गॅलीत (जुळवलेल्या ओळींच्या तबकात) लावला की वरून मोजायचा. पानात बसत नसेल तर संपादकाला शोधायला वेळ नसे. शेवटचा परिच्छेद उचलायचा आणि बाजूला ठेवायचा. तरी बसेना, तर त्याच्या वरचा. ज्या बातमीदाराला हे माहीत होतं तो महत्त्वाचं सगळं वर लिहायचा. ज्याला माहीत नव्हतं त्याच्या बातमीत मृतांचा आकडा शेवटी असायचा, आणि तोच नेमका कापला जायचा. मग दुसऱ्या दिवशी आरडाओरडा. कोणत्याही पुस्तकाशिवाय सगळे शिकले.

रात्रपाळी

@खिळेजुळारी, वाचून अंगावर काटा आला. मजकूर खालून कापायची सवय संगणकावर पान लावायला लागल्यावरही गेली नाही.

तळटीप

आणि म्हणूनच 'अमेरिकी यादवी युद्धात तारा तुटायच्या म्हणून उलटा मनोरा जन्मला' ही गोष्ट एकमेव कारण म्हणून सांगू नये. त्या काळातल्या बहुतेक बातम्या काळाच्या क्रमानेच लिहिलेल्या सापडतात. ही पद्धत सावकाश, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रुळली. खिळेजुळारींनी सांगितलेलं कारण मला जास्त पटतं.

ओवी

इथे अजून मूकनायक आलेला नाही म्हणून लिहिते.

३१ जानेवारी १९२०. डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. अंकाच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग, भीड सोडून तोंड उघडण्याबद्दलचा. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी लिहिलं की मुंबई इलाख्यातली पत्रं पाहिली तर बरीचशी विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत आणि बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत जागा नाही. मृण्मयीताई, गेटकीपिंगची याहून स्पष्ट मांडणी मराठीत कुठे आहे? व्हाइट यांच्या अभ्यासाआधी तीस वर्षं. तुमच्या पहिल्या पेपरात मराठी माणूस नाही म्हणालात, हा घ्या.

रात्रपाळी यांच्या प्रतिसादाशी मात्र माझा वाद आहे. दाराशी घड्याळ उभं असतं म्हणालात. नागालँडच्या बातमीबाबत असेल. पण गावातल्या पाणवठ्यावर कोणाला पाणी भरू देत नाहीत ही बातमी भाषांतराची नव्हती, लांबची नव्हती, वेळेअभावी राहिली नव्हती. ती दारापर्यंत पोचतच नव्हती, कारण दाराच्या आत बसलेल्यांत ती बातमी वाटणारं कोणी नव्हतं. म्हणून आंबेडकरांना आधी मूकनायक, १९२७ला बहिष्कृत भारत, मग जनता, १९५६ला प्रबुद्ध भारत असं पुन्हा पुन्हा नवं दार बांधावं लागलं. प्रत्येक वेळी पैशाची चणचण. जाहिरातदार नाहीत, वर्गणीदार गरीब.

आणि तानूबाई बिर्जे कुठल्या यादीत आहेत? पतीच्या पश्चात त्यांनी दीनबंधूचं संपादन सांभाळलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्यांच्यावर एक तरी तास ठेवा.

रात्रपाळी

@ओवी, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घड्याळ रोजचं दार सांभाळतं, तुम्ही म्हणता ते दार बांधतानाच ठरतं. आमच्या डेस्कवर कोण होतं आणि कोण नव्हतं हे आठवून पाहिलं तर तुमचं म्हणणं खोडता येत नाही. वर्गात आधी तुमचा मुद्दा यावा, मग माझा.

प्रश्नचिन्ह

ओवी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. इथे सिद्धांत चिकटवलेला नाही, तो त्या अग्रलेखातच आहे.

मग मीही एक देतो. मौनाचं आवर्तन, नोएल-नॉयमन, १९७४. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो, त्यामुळे ते मत आणखीच अल्प दिसतं. याला आगरकरांचा सुधारक घ्या, पण उलट बाजूने. केसरीचे पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद वाढले, १८८७ मध्ये ते केसरीतून बाहेर पडले, १८८८ मध्ये सुधारक सुरू केला. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी, १८९१ मध्ये, पुण्यातलं वातावरण विरोधात तापलेलं. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. ते गप्प बसले नाहीत. सिद्धांत बहुसंख्यांबद्दल खरा असेल, पण न घाबरणारा एक माणूस हातात पत्र घेऊन उभा राहिला तर आवर्तनाचं काय होतं, हा चर्चेचा प्रश्न होऊ शकतो.

तळटीप

टिळक-आगरकरांवरूनच, पडताळणी या संकल्पनेसाठी १८८२चं कोल्हापूर प्रकरण. तिथले कारभारी माधवराव बर्वे तरुण महाराजांचा छळ करतात अशा आशयाचा मजकूर केसरी आणि त्यांच्याच इंग्रजी 'मराठा'त आला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. दिलगिरी व्यक्त करूनही दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले.

पुढचं पाहा. १८८३च्या डिसेंबरात ते महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. म्हणजे कागद खोटे होते, पण काळजी खोटी नव्हती. मुलांना विचारावं: तुम्ही संपादक असता, प्रश्न खरा आहे याची खात्री आहे आणि हातातला कागद संशयास्पद आहे, तर छापाल का? यावर दोन तास वाद होईल.

नवाबातमीदार

तालुक्याला बातमीदार आहे, पत्राचं नाव सांगत नाही. १९८८ मध्ये हर्मन आणि चॉम्स्की यांनी बातमी ज्यांतून गाळून बाहेर येते अशा पाच गाळण्या सांगितल्या, त्यात मालकी आणि जाहिरात पहिल्या दोन. मला त्या पुस्तकातून कळल्या नाहीत. वर्धापनदिनाची पुरवणी आली की आम्हाला जाहिरातीचं टार्गेट मिळतं. बाजार समितीचे सभापती, साखर कारखान्याचे अध्यक्ष, शिक्षण संस्थेचे चालक यांच्याकडे जाऊन शुभेच्छांची जाहिरात मागायची. पुढच्या महिन्यात त्याच कारखान्याने उसाचे पैसे थकवले म्हणून शेतकरी गेटवर बसतात. आता ती बातमी मी कशी लिहू? लिहितो. पण लिहिताना हात जड होतो, तो जड झालेला कोणत्याही वाचकाला दिसत नाही. कोणी फोन करून 'छापू नको' म्हणतही नाही, तशी गरजच पडत नाही.

ताई, मुलांना हे सांगा. त्यांतली निम्मी आमच्यासारखी तालुक्यालाच काम करणार आहेत.

काळाकोट

@नवाबातमीदार, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. २०१०च्या सुमारास प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर सविस्तर अहवाल केला होता. पण पैसे घेऊन छापलेलं पकडता येतं. तुम्ही सांगताय ते पकडण्याचं कलम कोणत्याच कायद्यात नाही.

मृण्मयी_अ

सगळ्यांचे प्रतिसाद आज पुन्हा सलग वाचले. मूळ प्रश्नाकडे येते.

तासांची मांडणी बदलतेय. सुरुवात दर्पणने नाही, मूकनायकच्या पहिल्या अंकातल्या अग्रलेखाने. आधी वाचन, मग गेटकीपिंग, मग व्हाइटचा अभ्यास. दीनबंधू आणि केसरी एकाच आठवड्यात, नेटिव्ह न्यूजपेपर्स रिपोर्टची पानं घेऊन: प्रश्नचिन्ह यांच्या आक्षेपासकट. काळाकोट यांचे दोन खटले एका तासात, कोल्हापूर प्रकरण वादासाठी. तानूबाईंवर स्वतंत्र तास. रेडिओचा तास साऊंडबॉक्स यांच्या शेवटच्या परिच्छेदावर बेतेन.

प्रात्यक्षिक असं ठरवलंय: प्रत्येकाने एका दिवसाचं एक मराठी दैनिक घ्यायचं, पान एकवरच्या प्रत्येक बातमीपुढे ती कोणी दिली (सरकार, पोलीस, पक्ष, एजन्सी, स्वतः बातमीदार) हे लिहायचं आणि त्याच दिवशी आपल्या गावात घडलेली पण अंकात नसलेली एक घटना शोधून आणायची. काही सुधारणा सुचतात का?

अबोली

मोबाइलवर आलेल्या बातम्याही मोजायला लावा ना. माझ्या वर्गात छापील पेपर रोज हातात घेणारे दोघंच आहेत. एकाच वेळी दोन मुलांचे फोन शेजारी ठेवले तर दोघांना वेगळ्या बातम्या दिसतात, ते दार कोण सांभाळतं हे कोणालाच दिसत नाही.

मृण्मयी_अ

घेतलं. दोघादोघांच्या जोड्या करते.

रात्रपाळी

एक सुधारणा. शहर आवृत्ती एकटी घेऊ नका. त्याच दैनिकाची त्याच तारखेची लांबच्या तालुक्यात जाणारी डाक आवृत्तीही मिळवा. ती संध्याकाळीच सुटते, रात्रीचं त्यात काही नसतं, आणि जिल्ह्याचं पान वेगळं असतं. नवाबातमीदार यांना विचारा, ते अंक पाठवतील.

नवाबातमीदार

पाठवतो. तारीख आठ दिवस आधी कळवा, आमच्याकडे अंक दुपारपर्यंत संपतात.